शाळेचा खर्च आणि जिल्ह्याची मिळकत

शिक्षणावर सरकार जो पैसा घालते तो खर्च समजावा की पेरणी? प्रश्न अर्थशास्त्राचा खरा. पण आपल्या धाराशिवच्या इतिहासानेही त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

१८५३ च्या तहाने निजामाचा नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आला आणि १८६० साली परत गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यात आला. सीमेपलीकडे सोलापूर-बार्शीकडील खेड्यांना त्याचा लाभ झाला. तेथेही सारे आलबेल होते असे नव्हे. रयतेचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडलीच होती. तरी पैशाला वाट तरी होती.

अलीकडे आम्ही मात्र सारा भरला आणि शाळेची वाट पाहिली. माध्यमिक शिक्षण उर्दूतून, खाजगी शाळेवर परवानगीचे बंधन. अशा काळात १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. म्हणजे साराही रयतेने दिला आणि शाळेचा भारही रयतेनेच उचलला!

आधी संपत्ती येऊ द्या, मग शाळा काढू, असे म्हणणारे आहेत. पण जपानने सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा केला तो १८७२ साली, देश शेतकऱ्यांचा व गरीब असताना. सयाजीरावांनी बडोद्यात सक्तीचे शिक्षण १९०६ साली सर्वत्र लागू केले. शिक्षण ही माणसात केलेली भांडवली गुंतवणूक होय, हे शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये आग्रहाने मांडले.

एकट्या शाळेने सुबत्ता येते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सोलापूरच्या गिरण्यांमागे रेल्वेही होती. शाळा विहिरीला पाणी आणीत नाही. पण सावकाराचा कागद वाचता येणारा कुणबी सहसा फसत नाही, आणि नवे बियाणे, नवा धंदा त्याला लवकर उमगतो. हे पीक पंधरा-वीस वर्षांनी हाती येते. म्हणूनच १९४८ पूर्वी जी पेरणी चुकली, तिची तूट पुढच्या पिढ्यांनी सोसली.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के, राज्याची ८२. २०१८ मध्ये केंद्राने ज्या मागास जिल्ह्यांकडे विशेष लक्ष देण्याचे ठरविले, त्यांत आपला जिल्हा आला. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलेला राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा अद्याप गाठला गेलेला नाही. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या गाडीत आजही आईबापांबरोबर शाळेतील मूल बसते.

त्या मुलाचे वर्ष बुडाले तर ते कोणत्या जमाखर्चात मांडावयाचे? अंदाजपत्रकात ते दिसत नाही. वीस वर्षांनी जिल्ह्याच्या मिळकतीत मात्र ते खचित दिसते.