शिशाची गोळी आणि निवडीचा हक्क

उजनीच्या जलाशयात साठणारे पाणी इतिहासातील दोन ठिकाणे ओलांडून येते आणि तिसऱ्यापाशी थांबते. वर कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि कंपनीची पलटण यांची लढाई झाली. मुळेकाठी खडकीला १८६९ साली काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला; मुळेचे पाणी मुळामुठेतून भीमेला मिळते. आणि फुगवट्याच्या काठावरचे डिकसळ हे डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून आलेल्या लोहमार्गाचे शेवटचे स्थानक होते. करमाळा तालुक्यातील जेऊर-केम ओलांडून तो मार्ग बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोचायला १८५९ चा ऑक्टोबर उजाडला.

या तिन्ही ठिकाणांतून शिशाच्या गोळीचा धागा ओवता येतो. काळ्या दारूच्या बंदुकीसाठी गोळी कोणती निवडावी, हा प्रश्न वरवर केवळ कारागिरीचा वाटतो. तो निवडीच्या हक्काचाही आहे, आणि एकोणिसाव्या शतकात हा हक्क हातोहात कसा सरकत गेला हे पाहण्यासारखे आहे.

आधी शब्द पाहू. 'बंदूक' हा अरबी 'बुंदुक'चा वंशज. मूळ अर्थ एक कवचीचे फळ, मग त्या आकाराची गोळी, आणि शेवटी ती गोळी फेकणारे हत्यार. 'दारू' म्हणजे फारसीत औषध. 'काडतूस' पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आले. शब्दांप्रमाणे शिसेही बाहेरचेच. भीमाखोऱ्याच्या काळ्या बसाल्टात शिशाची खनिजे नाहीत. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते किनाऱ्यावर उतरे आणि घाट चढून देशावर येई. मात्र आलेल्या शिशाची गोळी घरी ओतता येई. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याला भट्टी लागत नाही, साधा विस्तव पुरतो. तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या एकमापी नसत, म्हणून ज्याची बंदूक त्याचा साचा. गोळी नळीहून किंचित लहान हवी, कारण काळी दारू जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो आणि चार-सहा बारांनंतर नळी चोंदते. किती लहान, हे बंदूकवाल्याचा हात ठरवी. 'बार भरणे', 'फुसका बार' हे वाक्प्रचार त्याच हाताच्या अनुभवातून आले.

कोरेगावी लढणाऱ्या कंपनीच्या शिपायाजवळ ही निवड उरली नव्हती. पाऊण इंच नळीच्या चकमकीच्या बंदुकीसाठी मापाची गोळी आणि मोजलेली दारू कागदात गुंडाळून त्याला मिळे. तो ते काडतूस दातांनी फाडी. या कागदाला चरबी नव्हती, म्हणून दातांनी फाडण्यात १८१८ साली धर्माचा प्रश्न उभा राहिला नाही.

तो उभा राहिला एका चांगल्या गोळीमुळे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड बंदुकीची नळी ०.५७७ इंचाची, आत पेचदार खाचा. गोळी लांबट, बुडाशी पोकळ, वजन ५३० ग्रेन, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. ती सैल असल्याने सहज आत सरके. बार उडताच तिचे बूड फुगून खाचांत बसे आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे. फुगण्यासाठी शिसे शुद्ध आणि मऊ हवे, नळीतली राख मऊ राहण्यासाठी कागदाला वंगण हवे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही निवड निर्दोष होती. वंगण कशाचे, हे मात्र शिपायाला कोणी विचारले नाही. पुढचे १८५७ सर्वांना ठाऊक आहे; ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात २७ वी पलटण उठली.

या उठावातून राज्यकर्त्यांनी घेतलेला धडा बोलका आहे. १८५८ आणि १८५९ च्या नमुन्यांच्या ज्या बंदुका देशी पलटणींसाठी बनल्या, त्या दिसायला एनफील्डसारख्या, पण नळीत खाचाच नव्हत्या. खाचा नाहीत म्हणजे गोळीला फिरकी नाही आणि लांबचा नेमही नाही. शिपायाची निष्ठा मोजण्याचे माप आता नळीच्या आत कोरलेले होते, किंवा कोरलेले नव्हते, असे म्हणावे लागेल.

पुढे धातूचे काडतूस आले. स्नायडर बंदुकीची ४८० ग्रेनची, अडीच तोळ्यांहून थोडी जड गोळी अजून मऊ शिशाचीच होती. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीची गोळी तेवढ्याच वजनाची, पण नळी ०.४५ इंचाची, मागे ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे अर्धा तोळा दारू. गोळी अरुंद, लांब आणि वेगवान झाली. अशा वेगाला शुद्ध शिसे खाचांत घासून नळीला लिंपते. म्हणून १२ भाग शिशात १ भाग कथील घालून ती कठीण केली, तिच्याभोवती कागद गुंडाळला आणि मागे मेणाची चकती ठेवली. जास्त कठीण केली तर खाचा धरत नाही, जास्त मऊ ठेवली तर नळी घाण करते. गोळीची निवड ही या दोहोंमधली तडजोड. तिचा फायदा कोणाला मिळाला हे २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला दिसते. तेथील गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हाती मार्टिनी होती. मुंबई सैन्याच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या पलटणींच्या हाती स्नायडर. पराभवाची कारणे अनेक होती. पण एकाच रांगेत उभ्या असलेल्या माणसांना एक पिढी मागचे हत्यार देणे हा अपघात नव्हता.

आणि तरीही हत्यार मागचे असणे हा शेवटचा टप्पा नव्हे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने गावातील सामान्य माणसाच्या बंदुकीला परवान्याची अट घातली. १८९० च्या दशकारंभी 'लढाऊ जाती'च्या नव्या धोरणाने महारांची सैन्यभरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे सरकारनेच कोरली होती, त्या समाजाला आता काडतूस हाती घेण्याचीही मुभा नव्हती. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध जो अर्ज तयार केला, तो आपण सामाजिक इतिहासात वाचतो. तो शस्त्रांच्या इतिहासातही वाचला पाहिजे. आधी गोळीची निवड गेली, मग वंगणाची, मग नळीची आणि अखेर बंदूक धरणाऱ्या हाताची.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तलवारींना नावे असतात, गोळ्यांना वजनही नसते. त्यामुळे शौर्याचा हिशेब होतो, साधनांचा राहून जातो. खडकीचे पाणी आजही उजनीत येते. तिथल्या कोळ्याच्या जाळ्याला बुडवणारे शिसे किती जड असावे, हे मात्र त्या कोळ्याचे त्यालाच ठरवता येते.