फॉडमॅपची कुळकथा

वाल, पावटे, राजमा बाधतात हे घराघरांत पूर्वीपासून माहीत होतं. दुधातलं लॅक्टोज अनेकांना पचत नाही, यावर १९६०च्या दशकात अभ्यास झाले. पुढे फळांतल्या फ्रुक्टोजवर आणि शुगर-फ्री गोळ्यांतल्या सॉर्बिटॉलवरही संशोधन झालं. पण प्रत्येक पदार्थाची तक्रार वेगळी मानली जाई. एक पदार्थ सोडला तरी दुसऱ्याने पोट फुगायचंच आणि रुग्णाच्या पदरी निराशा यायची.

ही सगळी मंडळी एकाच कुळातली आहेत, हे मांडलं मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले पोटविकारतज्ज्ञ पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ सू शेफर्ड यांनी. २००५ साली त्यांनी या कुळाला ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं. फर्मेंटेबल ओलिगो-, डाय- व मोनोसॅकराइड्स आणि पॉलिऑल्स यांची ती आद्याक्षरं. तो मूळ निबंध होता क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारावर. नाव रुजलं मात्र इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएसच्या उपचारात.

या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतात. मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. पाणी आणि वायू मिळून आतडं ताणलं जातं. हे प्रत्येकाच्या पोटात घडतं. पण आयबीएस असलेल्यांचं आतडं जास्त हळवं असल्याने त्यांना त्याच ताणाने कळ येते, गुबारा धरतो. कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही.

पुरावा २००८ साली आला. या साखरा टाळण्याच्या पथ्याने बरं वाटलेल्या आयबीएसच्या २५ रुग्णांना शेफर्ड यांनी आळीपाळीने पेयं दिली. कशात फ्रुक्टोज, कशात गहू-कांद्यात असणारं फ्रुक्टान, कशात दोन्ही, तर कशात नुसतं ग्लुकोज. कोणत्या पेयात काय, हे पिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या तिन्ही पेयांनी दहापैकी सात-आठ जणांचा त्रास परतला. ग्लुकोजने मात्र साधारण सातांत एकाचाच.

आपल्या स्वयंपाकालाही हे शास्त्र लागू पडतं. कडधान्य भिजवलेलं पाणी ओतून दिलं की त्यातल्या काही साखरा निघून जातात. लसणातलं फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर फोडणीला स्वाद राहतो आणि पोटाला त्रास होत नाही.

आज फॉडमॅप टाळण्याच्या आहाराच्या नावाखाली वर्ज्य पदार्थांची यादी हातोहात फिरते आणि माणसं वर्षानुवर्षं कांदा, गहू, डाळी सोडून बसतात. हे चूक आहे. कडक पथ्य दोन ते सहा आठवड्यांचंच. त्यानंतर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली एकेक गट थोडा-थोडा खाऊन पाहायचा आणि आपल्याला काय, किती सोसतं ते ठरवायचं. ही पायरी म्हणजे २००८चा प्रयोग स्वतःच्या ताटात करणं. ती गाळली, तर बाधत नसलेलं अन्नही सुटतं आणि याच साखरांवर पोसणारे आतड्यातले उपयोगी जिवाणू उपाशी राहतात. यादी बनली ती दोषी शोधण्यासाठी, सगळ्यांनाच जन्मभर हद्दपार करण्यासाठी नव्हे.