उडत्या बोटीची जमिनीवरची वाट

मंडळी, फ्लाइंग बोट म्हणजे जिचं पोटच होडीसारखं असतं असं विमान. धावपट्टी नको, भरपूर पाणी असलं की झालं. पण रिटायर झाल्यावर सगळं उलटं होतं. म्युझियम असतं जमिनीवर, आणि जमिनीवर ह्या बाईसाहेबांना धड चालता येत नाही!

ताजं उदाहरण मार्टिन मार्सचं. १९४० च्या दशकात अमेरिकन नौदलासाठी बनलेली ही विमानं, पंखांचा पसारा तब्बल २०० फूट. पुढे ती कॅनडात वणवे विझवत राहिली. शेवटी दोनच उरली. 'हवाई मार्स' ११ ऑगस्ट २०२४ ला व्हिक्टोरियाजवळच्या खाडीत उतरलं, म्युझियम तिथून जवळच होतं. 'फिलिपीन मार्स'ला मात्र ॲरिझोनाच्या वाळवंटातलं पिमा म्युझियम गाठायचं होतं. २०२५ मध्ये ते तिथल्या एका तलावावर उतरवलं. पुढचा रस्ता सुटे भाग करून, ट्रकवरून.

हे किती अवघड? समजा असं विमान पैठणच्या नाथसागरात उतरलंय आणि आमच्या वडीगोद्रीला आणायचंय. गावावरून सोलापूर-धुळे हायवे जातो, पण २०० फुटी पंख कुठल्या रस्त्यात मावणार? मग पंख काढा, इंजिनं काढा, वाटेतल्या विजेच्या तारा आणि पूल मोजा. खोलणं एक वेळ सोपं, परत जोडताना कुठला बोल्ट कुठला हे लिहून ठेवलेलं नसेल तर संपलंच.

आपल्याकडेही अशी एक बोट आहे. भारतीय नौदलाची पहिली विमानं म्हणजे शॉर्ट सीलँड, १९५३ पासून कोचीला आलेली, एकूण १०. बेलफास्टच्या कंपनीने बनवलेली ही विमानं आकाराने लहान, आणि पोटात मिटणारी चाकं असल्यामुळे पाणी-जमीन दोन्ही चालायचं. त्यातलं एक गोव्यात वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तिथेच एअर इंडियाची जुनी 'रानी ऑफ एलोरा' पण उभी आहे. एलोरा म्हणजे आपलं वेरूळच की!

पण आणून ठेवलं म्हणजे वाचलं असं नाही. समुद्राची खारी हवा पत्रा खातच राहते. मुंबईत विक्रांत जहाज म्युझियम म्हणून उभं होतं, २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये भंगारात तोडलं गेलं. जागा होती, लोकांचं प्रेमही होतं, पण दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च कोण करणार हे कधीच पक्कं झालं नाही. त्यामुळे वाहतुकीच्या बजेटमध्येच पुढच्या वीस वर्षांच्या रंगाचे आणि छपराचे पैसे धरायला हवेत, असं माझं मत.

असो. पुढच्या गोवा ट्रिपमध्ये बोगमाळो बीचला जाल तेव्हा वाटेत तासभर थांबा. सीलँड बघा, आणि पोटाखाली वाकून बघायला विसरू नका.