अल्बम एक, आवृत्त्या अनेक

१९६५ ते १९८५ या दोन दशकांत इंग्लंड-अमेरिकेत जे रॉक संगीत ध्वनिमुद्रित झाले, त्याला आज 'क्लासिक रॉक' म्हणतात. मराठी वाचकाला ते परके नाही. पिंक फ्लॉइडचा काळ्या पार्श्वभूमीवरचा लोलक पुण्या-मुंबईत टी-शर्टांवरून हिंडत असतो, आणि क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला हे सांगताना आपल्यातल्या अनेकांचा ऊर भरून येतो. मात्र ही ओळख बहुधा गाणी आणि गाणारे यांच्यापाशी थांबते. स्टुडिओतून बाहेर पडताना त्या गाण्यांचा जो आवाज होता, त्यातला किती आपल्या कानांपर्यंत पोहोचतो, हे फारसे कोणी विचारत नाही. पुढची पाने त्याच चौकशीसाठी आहेत. तिच्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. साधा लॅपटॉप, बऱ्यापैकी हेडफोन आणि थोडा निवांत वेळ एवढ्यावर भागते.

आवाजाकडे एवढे लक्ष का द्यायचे, ही शंका रास्त आहे. याच काळात स्टुडिओ स्वतःच एक वाद्य झाला, हे तिचे उत्तर. बीटल्सनी १९६७ साली 'सार्जंट पेपर' केला तो चार ट्रॅकच्या यंत्रांवर. एका टेपवरचे चार ट्रॅक दुसऱ्या टेपवर एकत्र उतरवून जागा करायची आणि पुढचे वाद्य भरायचे. पाच-सहा वर्षांत, पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या वेळी, त्याच ॲबी रोड स्टुडिओत सोळा ट्रॅक हाताशी आले होते. त्या अल्बममध्ये एकदम घणघणणारी घड्याळे ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती. अशा संगीतात आवाजाची जडणघडण हा रचनेचाच भाग असतो. ती पुसट झाली, तर रचनेचा एक थर गळून पडतो.

वाचकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'चांगल्या आवाजाचा अल्बम कोणता?' हा प्रश्न अपुरा आहे. 'त्या अल्बमची कोणती आवृत्ती?' असे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. अनेक ट्रॅकच्या टेपवरून आधी दोन वाहिन्यांचा मिक्स तयार होतो. मग मास्टरिंग करणारा माणूस त्या मिक्सची पातळी, मंद्र-तार स्वरांचा तोल, गाण्यागाण्यांमधले अंतर ठरवतो, आणि त्यावरून तबकडी किंवा सीडी निघते. हे शेवटचे काम दर देशात, दर दशकात, दर नव्या माध्यमासाठी पुन्हा झाले. त्यामुळे एकाच अल्बमच्या डझनभर आवृत्त्या बाजारात फिरतात, आणि मुखपृष्ठ सर्वांचे एकच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा देशभरातली हस्तलिखिते समोर ठेवून पाठभेद नोंदले गेले. जगभरचे हौशी श्रोते रॉकच्या बाबतीत काहीसे तेच करत आले आहेत. ज्या प्रदेशात ही विद्या रुजली आणि वाढली, तिथल्या वाचकाला या नव्या क्षेत्राची शिस्त अनोळखी वाटू नये.

या पाठभेदांची गंमत एका उदाहरणात पाहू. 'लेड झेपेलिन २' या १९६९च्या अल्बमची पहिली अमेरिकी तबकडी बॉब लडविग या तरुण मास्टरिंग इंजिनिअरने कापली. बास आणि ढोल त्याने इतके दणकट ठेवले, की स्वस्त रेकॉर्ड प्लेअरवर सुई खाचेतून उडू लागली. कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीच्या घरच्या प्लेअरवरच ती उडाली आणि म्हणून तो साचा मागे घेऊन सौम्य साचा काढला गेला, अशी कथा सांगतात. आज ती पहिली प्रत शोधणारे लोक तबकडी विजेरीखाली तिरकी धरतात आणि लेबल व शेवटची खाच यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर 'आर एल' ही हाताने कोरलेली बारीक अक्षरे आहेत का ते पाहतात. पाकिटावर त्याचा मागमूसही नसतो.

मूळ टेप तरी अढळ असते का? तीही झिजते. फ्लीटवूड मॅकच्या १९७७ सालच्या 'रूमर्स'ची टेप काम चालू असताना इतक्या वेळा यंत्रावरून फिरली, की तिच्यावरचा चुंबकीय थर झडून ढोल-झांजांची धार बोथट झाली. सुदैवाने मूळ वादनाची दुसरी टेप जपून ठेवलेली होती. मग एका तंत्रज्ञाने एका कानात जुनी आणि दुसऱ्या कानात नवी टेप ऐकत, यंत्राचा वेग हाताने किंचित कमी-जास्त करत, दोन्ही जुळवून घेतल्या. आज त्या अल्बममधली झांज स्वच्छ ऐकू येते ती या कष्टांमुळे.

१९८२मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हे तिचे मोजमाप माणसाच्या श्रवणाला पुरेसे होते. उणीव राहिली ती वापरात. घाईघाईत निघालेल्या अनेक सुरुवातीच्या सीडींसाठी जी टेप कपाटात सापडली ती वापरली गेली, मग ती तिसऱ्या पिढीची नक्कल का असेना. काही सीडींवर तार स्वर मुद्दाम उंचावून भरलेले असत आणि प्लेअरने ते वाजवताना खाली आणावेत अशी सोय असे. याला प्री-एम्फसिस म्हणतात. अशी सीडी संगणकावर उतरवताना ही खूण निसटली, तर फाइल कर्कश वाजते आणि दोष बिचाऱ्या अल्बमच्या माथी येतो.

पुढे रोग उलटा झाला. नव्वदच्या दशकापासून प्रत्येक सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी म्हणून हळू आवाज वर ओढले गेले आणि मोठ्या आवाजांची शिखरे छाटली गेली. जुने अल्बमही 'रीमास्टर'च्या नावाखाली या चरकातून गेले. मेटॅलिकाचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' हे या चढाओढीचे गाजलेले उदाहरण. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात मिळाली, तेव्हा चाहत्यांनी दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तुम्हीही हे करून पाहू शकता. जुन्या आवृत्तीचा आलेख उंचसखल, टोकदार दिसतो. दाबलेल्या आवृत्तीचा वरून खालून सपाट कापलेला. आलेखाचा सारांश 'डीआर' नावाच्या एका आकड्यात सांगण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. एकाच मास्टरवरून निघालेल्या तबकडीचा डीआर सीडीपेक्षा जास्त भरतो आणि नवखा माणूस फसतो.

इथे एक सावधगिरी. दाब म्हणजे पाप, असा समज करून घेऊ नका. लेड झेपेलिनच्या १९७१च्या चौथ्या अल्बममध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणे आहे. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ढोल जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले होते. तो आवाज लिमिटरमधून जाणीवपूर्वक दाबलेला आहे, त्यात कृत्रिम प्रतिध्वनी मिसळलेला आहे, आणि म्हणूनच तो तसा अजस्र आहे. हे कलावंताने घेतलेले निर्णय. चाळीस वर्षांनी विक्री विभागाच्या आग्रहाखातर अख्ख्या गाण्यावर फिरवलेला रोलर ही वेगळी गोष्ट. चांगल्या आवृत्तीत दोन ठोक्यांच्या मधे जिन्याची पोकळी विरत जाताना ऐकू येते. वाईट आवृत्तीत ती विरतच नाही, पुढचा ठोका येईपर्यंत फुगून राहते.

मोठमोठ्या आकड्यांच्या जाहिरातींबद्दल दोन शब्द. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या शब्दांनी खिसा हलका होतो, कान क्वचितच तृप्त होतात. मायर आणि मोरन या दोघांनी २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचा ध्वनी सीडीच्या मोजमापातून गाळून ऐकवला, तर नेहमीच्या पातळीवर ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. तरीही उच्च दर्जाच्या अनेक तबकड्या ऐकायला सरस होत्या, याची दखल त्यांनी घेतली, आणि त्याचे श्रेय मास्टरिंगमधल्या काळजीला दिले. मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. २०२२ साली त्याची दुसरी बाजू दिसली. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या ज्या तबकड्या शुद्ध ॲनलॉग समजून जाणकार वर्षानुवर्षे वाखाणत होते, त्यांपैकी अनेकींच्या वाटेत डिजिटल टप्पा होता असे उघड झाले. गहजब झाला, प्रकरण कोर्टात गेले. तबकड्या मात्र आदल्या दिवशी वाजत होत्या तशाच वाजत राहिल्या.

आता प्लेअरविषयी. नवखे वाचक इथेच सर्वाधिक गोंधळतात, म्हणून स्पष्ट सांगतो: 'गोड आवाजाचा' प्लेअर शोधण्यात वेळ दवडू नका. नीट बसवलेले दोन चांगले प्लेअर तेच आकडे जसेच्या तसे पुढे पाठवतात. निवड करायची ती सोयींवरून. विंडोजवर फूबार२००० हा माझ्या पसंतीचा. विनॅम्पच्या जमान्यातून आलेल्या पीटर पॉलोव्स्कीने तो २००२मध्ये आणला आणि दिसायला तो अजूनही सरकारी फॉर्मसारखा रुक्ष आहे. ज्यांना देखणेपण हवे त्यांनी म्युझिकबी घ्यावा, लिनक्सवाल्यांनी स्ट्रॉबेरी. फाइल शक्यतो फ्लॅक स्वरूपात ठेवावी. त्यात आवाजातले काही हरवत नाही आणि जागा साधारण निम्मीच लागते. सीडी उतरवायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरावे. आपली प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून ती अचूक उतरली की नाही ते सांगते. विंडोज सगळे आवाज स्वतःच्या मिक्सरमधून नेते आणि गरज पडल्यास नमुन्यांचा वेग बदलते. हे टाळायचे असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये वासापीचा एक्स्क्लुझिव्ह मोड निवडावा. त्याने आभाळ फाटत नाही, पण एक शंका मिटते.

दोन सोयींवर मात्र तडजोड नको. पहिली, गाण्यांमध्ये खंड न पडणे. 'डार्क साइड'मधली गाणी किंवा बीटल्सच्या 'ॲबी रोड' अल्बमची दुसरी बाजू एकात एक ओवलेली आहे. एमपी३ फाइलच्या टोकांना रिकामी शांतता चिकटते आणि गबाळा प्लेअर तिथे उचकी दिल्यासारखा अडखळतो. दुसरी, रीप्लेगेन. मोठ्याने वाजणारी गोष्ट आपल्याला उगीचच बरी वाटते, त्यामुळे दोन आवृत्त्या ताडताना त्यांची पातळी समान करणे अत्यावश्यक. रीप्लेगेन ते आपोआप करते. ताडण्यासाठी ते दोन्ही आवृत्त्यांना सारख्याच रीतीने लावा, आणि अख्खा अल्बम सलग ऐकताना त्यातला 'अल्बम' हा पर्याय निवडा, म्हणजे हळुवार गाणे हळुवारच राहील. छाटलेली शिखरे त्याने परत येत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. फूबारला एबीएक्स नावाचा जोड घेतला की परीक्षा आणखी कडक होते. पडद्यावर ए आणि बी अशी बटणे आणि खाली एक्स. हा एक्स त्या दोहोंपैकी कोणता ते कानांनी ओळखायचे, पुन्हा पुन्हा. एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक सांगणाऱ्या भल्याभल्यांची इथे दांडी गुल होते. तेच लोक दोन वेगळे मास्टर मात्र पहिल्या काही सेकंदांत ओळखतात.

मराठी वाचकांसाठी या क्षेत्राचा एक कोपरा मुंबईतच आहे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत हिंदुस्थानी वादकांना घेऊन 'वंडरवॉल म्युझिक'चा काही भाग मुद्रित केला. बीटल्सच्या 'दि इनर लाइट'चे वाद्यसंगीतही तिथलेच. १९७२ साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट मुंबईच्या वादकांसह 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' वाजवून गेले. ती मुद्रणे २०१५मध्ये त्यांच्या 'कोडा' अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झाले, तरी तिथून घरोघरी गेलेल्या सीडी अजून कपाटांत आहेत. त्या फेकू नका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, न दाबलेली आवृत्ती तुमच्या माळ्यावर असण्याची शक्यता बरीच आहे.

सुरुवात कुठून करावी? माझी सूचना जेथ्रो टलच्या 'ॲक्वालंग'ची. हा १९७१चा अल्बम लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या, चर्चच्या इमारतीत नव्यानेच थाटलेल्या आयलंड स्टुडिओत झाला. त्याच सुमारास त्याच इमारतीत लेड झेपेलिन आपल्या चौथ्या अल्बमचे काम करत होते. 'ॲक्वालंग'ची गाणी अव्वल, पण आवाज कोंदट अशी तक्रार पुढे वर्षानुवर्षे राहिली. २०११मध्ये स्टीव्हन विल्सनने मूळ बहुट्रॅक टेपांवरून नवा मिक्स केला, तेव्हा कोंदटपणा टेपवर नव्हताच, मिक्समध्ये होता हे कळले. दोन्ही आवृत्त्या मिळवा, पातळी समान करा, आणि शीर्षकगीतात गिटारची पहिली गर्जना संपून आवाज खाली येतो त्या जागेवर दोन-चार वेळा ये-जा करा. ॲकॉस्टिक गिटारच्या तारांवर बोटे सरकल्याचा आवाज कोणत्या आवृत्तीत किती कळतो, ते वहीत टिपून ठेवा. मग पहिले प्रकरण उघडा.