वडनेरचे दोन आकडे

वेबपानावरच्या नकाशात आपलं वडनेर भोलजी दाखवायचं तर दोन आकडे द्यावे लागतात: उत्तर अक्षांश सुमारे 20.9 आणि पूर्व रेखांश सुमारे 76.3. यांची अदलाबदल झाली तर गावाची खूण नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. महामार्गावरचं गाव थेट पाण्यात!

हे आकडे इंग्रजांनी आणले, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. ग्रीक, भारतीय, अरब अशा अनेकांनी ही विद्या वाढवली. ख्वारज्ममध्ये 973 साली जन्मलेल्या अल-बिरुनीने स्थळांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गझनीहून किबल्याची दिशा नेमकी काढणं, हा त्यातला एक मोठा प्रश्न होता.

तोच प्रश्न वडनेरला लावून पाहा. मक्केचा अक्षांश सुमारे 21.4, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम अर्धा अंश जास्त. सपाट नकाशावर किबला जवळजवळ सरळ मावळतीला दिसतो. पण पृथ्वी गोल आहे. सर्वांत जवळच्या वाटेने मोजलं तर दिशा पश्चिमेपासून सात-आठ अंश उत्तरेकडे सरकते. इबादतीने गणिताला काम दिलं, ते असं.

अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शहरांच्या अक्षांश-रेखांशांचे तक्ते दिले. तेव्हा रेखांश मोजायचे ते पश्चिमेकडच्या अटलांटिक बेटांपासून. ग्रीनिचचा शून्य रेखांश जगाने मान्य केला तो 1884 साली.

मधल्या काळात विल्यम लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीने जमीन मोजायला सुरुवात केली. मोजणी उत्तरेकडे सरकत असतानाच 1823 मध्ये, आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला, त्याचा मृत्यू झाला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. मोजणी अचूक हवी तर यंत्रं अचूक हवीत. ती दुरुस्त करून नेमकी ठेवणाऱ्यांत अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन होते. एव्हरेस्टने त्यांच्या कसबाची कदर केली आणि पुढे ते सर्वेक्षण खात्याचे यंत्रकार झाले.

शिखरामुळे एव्हरेस्ट हे नाव पोरासोरांनाही पाठ आहे. मोहसिन हुसेन हे नाव किती वर्गांत घेतलं जातं? भूगोलाच्या तासाला अक्षांश-रेखांशाचा धडा काढताना फळ्यावर हेही नाव लिहावं. आपल्या मुलांना कळू द्या, या विद्येत त्यांच्याही पूर्वजांचा वाटा आहे.