धरणाचे काम अडते कोठे?

राधानगरीला गेलात तर भोगावतीवरचे लक्ष्मी तलावाचे धरण जरूर पाहा. पाणी ठराविक पातळीला चढले की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. लोक ते पाहायला गर्दी करतात. मला मात्र तेथे उभे राहिले की वर्षे आठवतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी हे काम काढले. मध्येच पैसा आटला, काम थांबले. 6 मे 1922 रोजी महाराज गेले तेव्हा धरण अर्धेच होते. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते पुन्हा हाती घेतले गेले आणि पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. ज्या शेतकऱ्याने पहिला दगड बसताना पाहिला, त्याच्या नातवाच्या रानात पाणी आले म्हणा ना!

तिथे अडचण पैशाची होती, आणि पैसा कोणत्याही हिशेबाने निर्माण होत नाही. पण पैसा, माणसे, सामान सारे हाताशी असूनही कामे रखडतात, त्याचे काय? याचे उत्तर 1957 साली अमेरिकेत शोधले गेले. ड्यू पाँट या रसायनांच्या कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या गणकयंत्रे करणाऱ्या कंपनीचे जेम्स केली, या दोघांनी कारखाने उभारण्याच्या कामासाठी एक रीत बसवली. तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. आपण निर्णायक वाट म्हणू. त्याआधी गँट नावाच्या इंजिनियरचे पट्ट्यांचे तक्ते होते. कोणते काम कधी सुरू, कधी संपणार, हे त्यात दिसे. पण एक काम लांबले तर कोणकोणती अडतील, हे स्पष्ट दिसत नसे.

नव्या रीतीत कामांचे जाळे काढतात. शिक्षकबंधूंनी फळ्यावर काढून दाखवावे असे आहे. आपल्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधाराच घेऊ. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे, पावसाळा सरला की घालायचे, तोच. आकडे मी समजुतीपुरते धरतो. नदीचे पाणी वळवायला 3 आठवडे, मग पाया खणायला 5, मग खांब बांधायला 12, शेवटी बर्गे बसवून पाहायला 1. एकूण 21. याच वेळी एकीकडे दगड फोडून आणायचा, त्याला 6 आठवडे. आणि बर्गे करवून घ्यायचे, त्यांना 10.

आता गंमत बघा. दगड लागतो खांबांना, म्हणजे 8 आठवड्यांनंतर. तेव्हा दगडवाल्याने 2 आठवडे उशीर केला तरी कोणाचे बिघडत नाही. 3 केला, तर सारे काम 1 आठवड्याने पुढे जाते. बर्ग्यांना तर 10 आठवड्यांची सवड. पण पाया एक दिवस लांबला की बंधारा एक दिवस लांबला! पाणी, पाया, खांब, बर्गे बसवणे ही झाली निर्णायक वाट. आपण बहुतेक वेळा ओरडतो मात्र बर्गेवाल्यावर. कारण तो समोर दिसतो.

शिवाय आपल्याकडे एक तारीख कोणाच्या हातची नाही. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. 1 जानेवारीला काम धरले तर 21 आठवडे 28 मेला पुरे होतात. हातात राहतात दहा दिवस.

पण पायाचे 5 आठवडे हे कोणी सांगितले? गवंड्याने, अंदाजाने. अमेरिकन आरमाराने 1958 च्या सुमारास पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी अशीच दुसरी रीत काढली, पर्ट नावाची. तिच्यात एकाऐवजी तीन अंदाज विचारतात. कातळ लवकर लागला तर 4 आठवडे, नेहमीप्रमाणे 5, आणि लागलाच नाही तर 12. मधल्याची चौपट करून बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचे: 4, 20 आणि 12 मिळून 36, भागिले 6, म्हणजे 6 आठवडे. गवंडी खोटे बोलला नव्हता. त्याला एकच आकडा विचारला होता.

हा एक आठवडा धरला की काम 4 जूनला जाते. मग जानेवारीची वाट पाहून चालत नाही. पाणी वळवायला डिसेंबरातच घ्यावे लागते.