लागर बिअर घरी बनवताना बाटल्या का फुटतात?

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या गप्पांमध्ये एक शब्द हमखास येतो, 'बॉटल बॉम्ब'. झाकण लावून ठेवलेली बाटली आतल्या वायूच्या दाबाने फुटते आणि काचा खोलीभर उडतात. नवशिक्यांनी लागर करायला घेतली की ही भीती जास्त असते. का, ते पाहू.

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. त्यात बिअरही आली. त्यामुळे खालची माहिती वाचून इथे कुणी पिंप मांडू नये. अमेरिकेत मात्र १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. एक प्रौढ असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही.

थंडीतलं यीस्ट

मोड आणून वाळवलेल्या बार्लीला माल्ट म्हणतात. त्याचा गोड काढा हॉप्स घालून उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. लागरचं यीस्ट वेगळं असतं. ते १० ते १२ अंश सेल्सिअसला काम करतं आणि शेवटी तळाला बसतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी १८८३ मध्ये त्याचं शुद्ध वाण वेगळं केलं होतं.

खरी गोम या थंडीतच आहे. हिवाळ्यात इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही, ते उबेला ठेवलं की वर येतं. यीस्टचंही तसंच. दोन आठवड्यांनी पिंपाच्या एअरलॉकमधून बुडबुडे येणं थांबतं आणि वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात यीस्ट नुसतं सुस्तावलेलं असू शकतं.

म्हणून शेवटच्या टप्प्यात तापमान दोन-तीन दिवस १६ ते १८ अंशांवर नेतात. याने उरलेली साखर संपायला मदत होते आणि डायअॅसिटिल हा लोण्यासारखा वास देणारा पदार्थही यीस्ट खाऊन टाकतं. मग हायड्रोमीटरने घनता मोजायची. दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला आणि तो पाककृतीत दिलेल्या आकड्याच्या जवळ असला, तरच पुढे जायचं. कॅलेंडर आणि बुडबुडे, दोन्हींवर विश्वास नको.

यानंतर बिअर ० ते ४ अंशांवर चार ते सहा आठवडे मुरत ठेवतात. 'लागर्न' या जर्मन क्रियापदाचा अर्थच साठवणं. यात गढूळपणा खाली बसतो, चव गुळगुळीत होते. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. उतावळ्या लोकांनी एल बनवावी, ती बरीच लवकर होते.

तीन अंकांचा हिशोब

बाटलीत फेस यावा म्हणून भरताना मोजून साखर घालतात. १९ लिटरला साधारण ११० ग्रॅम साधी साखर, पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये नीट मिसळून. मग बाटल्या दोन आठवडे खोलीच्या तापमानाला ठेवायच्या.

आता समजा, आकडा १.०१० वर थांबायला हवा होता आणि तुम्ही १.०१३ वरच बाटल्या भरल्या. फरक फक्त तीन अंकांचा. पण तेवढी उरलेली साखर जवळपास तुम्ही घातलेल्या ११० ग्रॅमइतकाच वायू तयार करते. उबेत यीस्ट जागं होतं, दोन्ही साखरा खातं आणि बाटलीत नवा वायू दुप्पट होतो.

याशिवाय साखर चमच्याने प्रत्येक बाटलीत वेगळी टाकणं, सरबताच्या पातळ बाटल्या वापरणं आणि बाटल्या नीट निर्जंतुक न करणं, हीही कारणं असतात. बाहेरचे सूक्ष्मजीव यीस्टला न पचणारी साखरही खातात. बिअरसाठीच्या जाड काचेच्या बाटल्याच घ्याव्यात आणि त्या झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात.

एखादी बाटली उघडताना कारंजं उडालं, तर उरलेल्या हाताळण्याआधी डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घाला. त्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. गारव्यात वायू बिअरमध्ये जास्त विरघळतो, दाब उतरतो. पूर्ण थंड झाल्यावर सिंकमध्ये एकेकीचं झाकण हळूच सैल करा.